संगप्पाचं रॅचेट

विमान अडकलं ते केबलच्या वायरीत, आणि विमानामागे सगळा अक्कलकोट रोड. रात्रपाळी करून घरी निघालेले, सकाळपाळीला चाललेले, सायकली, मोटरसायकली, रिक्षा, एक शाळेची बस, सगळे हॉर्न वाजवत उभे. लांबलचक ट्रेलरवर दोरखंडांनी आवळून बांधलेलं ते राखी धूड, पंख काढलेलं, नाकावर गोणपाट गुंडाळलेलं, आणि त्याच्या पाठीवर चढून एक माणूस बांबूने वायर उचलून धरत होता. खालून दहा जण त्याला दहा सूचना देत होते. या गावात एखादी गोष्ट अडली की ती कशी सोडवायची हे प्रत्येकाला ठाऊक असतं, हात लावायला तेवढं कोणी पुढे येत नाही. बिरुदेव मोटरसायकल दोन पायांवर तोलून मागच्या ट्रकला खेटून उभा होता. या ट्रकवर विमानाचा पंख होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड, खालची बाजू वर करून ठेवलेला, आणि टोकाशी लहान पोराच्या गाडीला शोभेल एवढंसं चाक. कारखान्याच्या गेटवर पोचायला उशीर होणार म्हणून तो मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होता. कानात नेहमीची बारीक शिट्टी चालू होती, ती नोकरीतली कमाई, पेन्शनबरोबर मिळालेली. त्याने सहज मान वर केली आणि त्या चाकामागे त्याला ते ठिगळ दिसलं. चौकोनी, एक कोपरा जरा तिरपा कापलेला, भोवती रिव्हेटांची ओळ. मनातली शिवी तिथेच थांबली.

त्याचा बाप येडू आयुष्यभर मेंढरं राखत हिंडला. सांगोल्याच्या माळावर दोन कळप एकमेकांत मिसळले तरी तो आपलं मेंढरू कानाच्या कापावरून ओळखायचा आणि दुसऱ्याचं कधी चुकून घरी आणायचा नाही. बिरुदेवला कळप मिळाला तो विमानांचा. इंजिनात हात घालणारे वेगळे, उडवणारे त्याहून वेगळे; हा नुसता विमानं हलवणारा. गोव्याच्या नौदल तळावर आणि जहाजाच्या डेकवर विमान ढकलायचं, चाकाखाली ठोकळा लावायचा, साखळ्यांनी जखडायचं, वाऱ्यात आवाज पोचत नाही म्हणून हातांनी बोलायचं. रोज सकाळी सगळ्यांनी एका रांगेत, माना खाली घालून, धावपट्टीवरून चालत जायचं आणि खडा, खिळा, तारेचा तुकडा, दिसेल ते वेचायचं. इंजिनाने एक खडा गिळला तर आतली पाती जातात, पाती गेली की विमान जातं आणि विमानाबरोबर माणूस. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तो रस्त्याने मान खाली घालूनच चालतो आणि खिशात खिळे घेऊन घरी येतो. धुण्याच्या यंत्रात ते खडखडले की त्याची बायको विजयमाला त्याच्या सात पिढ्या आठवते. तर ते ठिगळ. एका सकाळी हँगरमधून हे विमान बाहेर काढताना ट्रॅक्टरवाल्याने जरा घाई केली आणि पंखाचं टोक दाराच्या खांबाला घासलं. पत्रा फाटला तिथे त्याच्या दोस्ताने, संगप्पाने, हे ठिगळ बसवलं होतं. कोपरा तिरपा का कापलास म्हणून चीफ ओरडले, तर म्हणाला, तडा कोपऱ्यातूनच पुढं जातो साहेब, म्हणून. आणि चार महिन्यांनी याच विमानात, किंवा या विमानात नाही, संगप्पाचं रॅचेट, नट फिरवायचा दांड्याचा पाना, हरवलं. वायर सुटली, ट्रेलर हलला, मागचे लोक ओरडायला लागले. बिरुदेवला गाडीला किक मारायचं सुचेना.

टॉवेलच्या कारखान्याच्या गेटवर तो सिक्युरिटीचा मुख्य आहे. मुख्य म्हणजे हाताखाली दोघं, आणि खुर्चीला हात आहेत. पाळी सुटली की कामगार रांगेने येतात, डबा उघडून दाखवतात, पिशवी उलटी करतात, हात वर करतात. कधी पोटाला गुंडाळलेला टॉवेल निघतो, कधी डब्यात भाकरीखाली दोन नॅपकिन. बिरुदेवला तपासावंही लागत नाही. चोरलेल्या माणसाचे खांदे आधी येतात, मागून माणूस. हे तो गर्वाने सांगतो. त्या दिवशी मात्र त्याने पिशव्या पाहिल्या न पाहिल्यासारख्या केल्या, कारण त्याला सारखा संगप्पाचा खांदा आठवत होता, तो चौकशीला उभा असतानाचा. डावा खांदा नेहमी जरा खाली. ट्रेनिंगला कोचीनला दोघे एका बराकीत पडले. सोलापूरकडचे म्हणून बाकीच्यांनी त्यांना एकत्र धरलं, नाहीतर हा सांगोल्याचा धनगर आणि तो अक्कलकोटचा लिंगायत, घरी कानडी बोलणारा, इष्टलिंग गळ्यात बांधून दोरीवर चढणारा. यांचं जमायचं काही कारण नव्हतं. पण ज्वारीची भाकरी न मिळाल्याने दोन माणसं जेवढी जवळ येतात तेवढी लग्न होऊनही येत नाहीत. संगप्पा इंजिनवाला झाला. विमानात खांद्यापर्यंत हात घालून, डोळे मिटून काम करायचा. काय शोधतोस विचारलं तर म्हणायचा, बोलू नको, हाताला दिसतंय.

ते रॅचेट हातभर लांबही नव्हतं, बारक्या नटांसाठीचं, विलायती. तळावरच्या हत्यारांच्या खोलीत भिंतभर फळी होती आणि फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार काळ्या रंगाने रंगवलेला. हत्यार घेतलं की त्याच्या काळ्या जागेवर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला टांगायचा, परत आणलं की बिल्ला काढायचा. दिवस संपताना एकही बिल्ला फळीवर दिसता कामा नये. दिसला तर विमान उडत नाही, कोणीही आलं, काहीही झालं तरी. त्या संध्याकाळी एक बिल्ला लटकत राहिला. संगप्पाचा. तो म्हणाला, मी रॅचेट विमानातून बाहेर आणलं, बाहेरच्या बाकावर ठेवलं, तेवढ्यात धावपट्टीवर भोंगा झाला म्हणून सगळ्यांबरोबर धावलो, परत आलो तर बाकावर नव्हतं. बाकावर ठेवताना पाहिलेला माणूस एकही नव्हता. मग विमान उघडलं. या जातीच्या विमानाचं इंजिन काढायचं तर आधी पंख उचलावा लागतो. पंख उचलताना दोर धरणाऱ्यांत बिरुदेव होता. इंजिन काढलं, खुर्ची काढली, फरशी काढली, बॅटऱ्या लावून लोक पोटात शिरले. काही मिळालं नाही. इंजिनाच्या जागेत मागच्या अंगाला दोन बरगड्यांमध्ये एक अरुंद खोबण होती, तिथे ना हात पोचत होता ना नजर. तार घालून ढवळलं, लोहचुंबक फिरवलं, तेही वाकड्यातिकड्या जागेत अडकत होतं. शेवटी वरून निर्णय आला, विमानात नाही असं लिहिलं गेलं, आणि काही दिवसांनी विमान उडायला लागलं. विमानात नाही, मग कुठे? कोणी संगप्पाला तोंडावर चोर म्हटलं नाही. चौकशीत तसं सिद्धही झालं नाही. त्याला फक्त विमानांवरून काढून किनाऱ्यावरच्या एका भांडारात बसवलं, दोऱ्या आणि रंगाचे डबे मोजायला. तिथून पुढे त्याच्या दंडावरच्या पट्ट्या वाढल्या नाहीत. मुदत संपली, तो घरी आला.

आणि घरी येण्याआधीच बातमी आली होती. अक्कलकोटजवळच्या एका खेड्यातला कोणी तळावर स्वयंपाकी होता, त्याने सुट्टीवर येऊन पारावर सांगितलं, की संगप्पाने विमानाचं सामान चोरलं. त्यात संगप्पाच्या धाकट्या भावाचं मैंदर्गी रोडला मोटरसायकलचं गॅरेज. मग काय, दोन आणि दोन चार. पोरीचं, अक्कम्माचं, ठरत आलेलं लग्न याच बोलण्यावरून मोडलं. पुढे तिला लांब गुलबर्ग्याकडे, वयाने बऱ्याच मोठ्या माणसाला दिली. सावित्रम्मा, त्याची बायको, मठात प्रसादाला गेली तरी बायका सोन्याची पाटली आत सारून घ्यायच्या. एकदा ती बिरुदेवला म्हणाली होती, अण्णा, दुसरं कायबी म्हणू द्यात, दारू पितो म्हणू द्यात, बाई ठेवलीय म्हणू द्यात. यावर संगप्पा कधी काही बोलला नाही. लोक चोर म्हणतात हे त्याला जणू ऐकूच यायचं नाही. बिरुदेवला या गप्प राहण्याचा राग यायचा, आणि रागाच्या तळाशी एक घाण शंका होती, ती त्याने कुणालाच दाखवली नाही. एकदा गॅरेजवर चहा पिताना त्याने भावाच्या हत्यारांच्या ट्रेमध्ये डोकावून पाहिलं होतं. एक बारकं रॅचेट होतंही. पण सगळी रॅचेटं सारखी दिसतात, वर ग्रीस माखलेलं, आणि उचलून पाहावं एवढी हिंमत होईना. मेंढराच्या कानाला काप असतो, रॅचेटला कुठला. तेव्हापासून संगप्पाच्या घरी जेवताना त्याला पहिला घास जड जातो.

घरी आल्यावर त्याने विजयमालाला विमानाचं सांगितलं. तिला आधीच ठाऊक होतं. "विजापूर रोडच्या नव्या बागेत मांडणारेत म्हणं. रात्री लाइटा लावणारेत. पोराबाळांची गर्दी हुईल, भेळवाल्यांचं चांगलं झालं."

"त्यात संगाप्पाचं रॅचेट आसंल," तो म्हणाला.

"आसंल तर आसंल. आता काय त्येला मेडल देणारेत?"

"चोर न्हाय ते तरी ठरंल की."

विजयमालाने तव्यावरची भाकरी उलटली. तिचं बोलणं नेहमी असंच, कामात हात गुंतलेले असताना. "अवो, त्यो मानूस तकडं खाटंवर पडलाय. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलंय. त्येला आता रॅचेट कशाला पायजे? जाऊन दोन घटका बसा त्येच्यापाशी. इमान बघत काय हिंडताय."

ती म्हणते ते बरोबर होतं आणि म्हणूनच त्याला पटलं नाही. संगप्पाची फुप्फुसं गेली होती. बोलताना मध्ये थांबून श्वास गोळा करावा लागायचा. दिवाळी दिसेल न दिसेल अशी गत. असा माणूस चोर म्हणून जळणार, नाही, यांच्यात पुरतात, चोर म्हणून बसवून पुरणार, आणि सावित्रम्मा पुढची दहा-वीस वर्षं चोराची बायको म्हणून त्याच गल्लीत राहणार. ज्या पोटात खरं-खोटं पडलं असेल ते पोट नेमकं याच वेळी, साऱ्या देशातली गावं सोडून सोलापुरात यावं. बिरुदेव देवाधर्मातला नव्हे, पण त्याला वाटलं की ही गोष्ट कोणीतरी आपल्यासाठीच धाडली. इतकी वर्षं कुणी आपल्यासाठी काहीच धाडलं नव्हतं. असं वाटलं की माणूस मूर्ख होतो. झोपेत तो खांद्यापर्यंत हात घालून काहीतरी चाचपत होता आणि त्याच्या हाताला काहीच दिसत नव्हतं.

दोन दिवसांनी त्याने अर्धी सुट्टी टाकली आणि जेवणवेळेला बाग गाठली. बाग कसली, खडी आणि चार खांब. विमानाचं धूड एका लोखंडी मनोऱ्यावर चढवून झालं होतं, नाक आभाळाकडे. पंख अजून खाली होता, संध्याकाळी क्रेन येणार होती. म्हणजे पाठ उघडी.  नौदलाचं पांढऱ्या अक्षरातलं नाव घासून काढलं होतं आणि त्या जागी निळ्या रंगाने काहीतरी भलतंच रंगवणं चालू होतं. उपड्या घमेल्यावर बसून डबा खाणारा एक दाढीवाला वेल्डर होता, त्याला बिरुदेवने आपलं जुनं ओळखपत्र दाखवलं. वेल्डरने ते उलटसुलट पाहिलं, हसला, आणि म्हणाला, "नेवी के हो क्या चाचा? जाव ना फिर, चढो. गिरना मत, मेरेकू बोलेंगे." परांचीच्या बांबूवरून चढताना गुडघे कटकट बोलत होते. डेकवर जहाज डुलत असताना याच गुडघ्यांनी तो धावत होता, मिटल्या डोळ्यांनी साखळी कुठे आहे ते सांगत होता. आता एकेक बांबू हातात घट्ट धरून तो वर गेला, कडेवर पोट टेकलं आणि आत पाहिलं.

आत काही नव्हतं. इंजिन नसणार हे त्याने धरलंच होतं. पण नळ्या नव्हत्या, वायरी नव्हत्या, कप्पे नव्हते, फरशी नव्हती. धुऊन-पुसून, तांबडा गंजरोधक रंग मारून, मधोमध एक जाड लोखंडी गर्डर आरपार घातलेला. आणि मागच्या अंगाला, जिथे त्या दोन बरगड्या होत्या, ती खोबण होती, जिच्यासाठी तीस-बत्तीस वर्षांपूर्वी तारा वाकवल्या होत्या, तिथे गर्डर हलू नये म्हणून काँक्रीट ओतलं होतं. वरून थापीने सपाट केलेलं. कोणीतरी ओलं असताना त्यात बिडी विझवली होती. बिरुदेवने तरीही हात घातला. खांद्यापर्यंत घातला आणि त्या थंड, खरखरीत काँक्रीटवरून फिरवला. "क्या गिर गया चाचा?" खालून वेल्डर ओरडला. आतलं सामान कुठे गेलं म्हणून विचारलं तर म्हणाला, उधरीच खाली करके भेजे, भंगार में गया होएंगा. खोलताना काय काय निघालं, कोणी पाहिलं का? "कौन देखता?" वेल्डर म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं. बिरुदेव खाली उतरला. त्याला रडू आलं नाही, राग आला. विमानाचा, वेल्डरचा, संगप्पाचाही. हरवायचं होतं तर नीट हरवायचं. बागेच्या भिंतीबाहेर तो बराच वेळ मोटरसायकलवर नुसता बसून राहिला. समोर उसाच्या रसाचं यंत्र घुंगरू वाजवत फिरत होतं, आणि बागेचा फलक लावणारे दोघे फलक सरळ आहे की तिरपा यावर भांडत होते. आता हे कधीच कोणाला कळणार नाही. देवालासुद्धा विचारलं तर तो भंगारात बघा म्हणेल.

घरी न जाता त्याने गाडी अक्कलकोटकडे वळवली. वळसंग मागे पडलं, मग दोन्ही बाजूंना तूर आणि मोकळा काळा पट्टा. ऊन पाठीवर येत होतं. जाताजाता त्याच्या मनात ते आपोआप तयार झालं, त्याला काही करावं लागलं नाही. खरं काय होतं ते आता जगात कुठेच उरलेलं नाही. मग त्या रिकाम्या जागी कोणी काही ठेवलं तर कोणाचं काय बिघडतं? चोर नव्हता हे एक वाक्य. तेवढ्याने एक म्हातारा निवांत मरेल आणि एक म्हातारी मठात मान वर करून जाईल. रस्त्यात हार्डवेअरच्या दुकानापुढे त्याने गाडी हळू केली, एखादं बारकं रॅचेट घेऊन जावं काय. पण संगप्पाच्या हाताला ते लगेच दिसलं असतं. नकोच. साहेबांनी जमा करून घेतलं म्हणायचं. गेटवर इतकी वर्षं दुसऱ्यांचं खोटं पकडून त्याला एक गोष्ट कळली होती, खोटं लहान असावं आणि खांदे सैल.

सावित्रम्मा दारातच होती. "बर्री अण्णा, बर्री," म्हणत तिने चटई टाकली. पुढच्या खोलीत खाटेवर संगप्पा उशाला तक्क्या लावून अर्धवट बसलेला होता. गळ्यातला इष्टलिंगाचा करंडा आता छातीवर फार मोठा दिसत होता. बिरुदेवला पाहून त्याने हात उचलला, डेकवर उचलायचे तसा, तळवा पुढे. थांब, असा.

"विमान आलंय सोलापुरात," बिरुदेव म्हणाला. "तेच. तुज्या ठिगळाचं."

संगप्पाचे डोळे एकदम उघडले. "ठिगळ... हाय अजून?"

"हाय. तडा गेला न्हाय." मग बिरुदेवने खांदे सैल सोडले. "आनि संगू, रॅचेट सापडलं. विमान खोलताना आतच सापडलं. साहेबांनी जमा करून घेतलं."

सावित्रम्माने हातातला पाण्याचा तांब्या हळूच खाली ठेवला. मग उंबऱ्यावर बसली. "म्हंजे ह्यांनी चोरलं न्हाई?"

"न्हाय वैनी. आतच हुतं."

"यप्पा, यप्पा," ती पदर तोंडात घालून म्हणाली, आणि पुढे सगळं कानडीत, भराभर, देवाला की नवऱ्याला ते बिरुदेवला कळलं नाही. मग ती उठली आणि चपला न घालता बाहेर गेली. शेजारच्या गंगम्माला हाक मारलेली ऐकू आली. बिरुदेवला वर्षानुवर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्याने संगप्पाकडे पाहिलं. त्याचं तोंड नुकतं कोणी गेल्याचं कळल्यासारखं झालं होतं.

"कुटं?" संगप्पाने विचारलं.

"मागच्या खोबणीत. इंजनाखाली."

संगप्पा श्वास गोळा करत राहिला. "मी भाईर आणलं होतं," तो म्हणाला. "बाकावर ठेवलं. डाव्या हाताला. मला दिसतंय की अजून, ठेवताना. रोज बघतो मी त्ये. मग... त्ये दिसतंय त्ये काय?"

"आरं, झालं गेलं. चोर तर न्हायस न्हवं तू?"

"चोर म्हणत होते त्ये बरं होतं." तो थांबला. छातीत काहीतरी शिवण उसवल्यासारखं वाजत होतं. "चोरलंय म्हंजे विमानात न्हाई. मी रोज तेच म्हणायचो, बिऱ्या. म्हणू द्या चोर. आत तर न्हाई. वर गेलेलं पोर खाली येतंय. आणि त्ये आतच होतं व्हय. त्ये घेऊन... किती वर्सं उडत होतं रे त्ये?"

आत्ता बिरुदेवला कळलं. सगळं एकदम, आणि उशिरा. हा माणूस गप्प का राहिला, पोरीचं लग्न मोडलं तरी का बोलला नाही. त्याला लाज वाटत नव्हती म्हणून नाही. त्याच्या लाजेचं ठिकाणच वेगळं होतं, बिरुदेवच्या गेटपासून, सावित्रम्माच्या गल्लीपासून फार लांब. चोर ही त्याला शिवी नव्हती, तो त्याचा पुरावा होता. सारं आयुष्य तो त्यावर टेकून उभा होता आणि बिरुदेवने आत्ता, चांगलं करायला येऊन, तेच काढून घेतलं.  "संगू, ऐक. खोटं बोललो मी. आईच्यान. कायबी सापडलं न्हाय. आत कांक्रेट वतलंय, मी हात घालून आलोय, रिकामं हाय सगळं. तुला बरं वाटंल म्हणून बोललो."

 संगप्पा थोडं हसला, पूर्वी बराकीत हसायचा तसं. "गेटवर बसतोस की तू. खोटं बोलताना मानूस कसा असतो, ठाऊक हाय तुला." त्याने हात लांब करून बिरुदेवच्या खांद्याला बोट लावलं. "मगाशी खांदा कसा सैल होता. आत्ता बघ. आता नको माझ्यासाठी खोटं बोलू."

"तुजी शप्पत—"

"नको रे."

बाहेरून पावलं आली. सावित्रम्मा परत आली ती एकटी नाही. गंगम्मा होती, मागे आणखी दोघी-तिघी, एकीच्या हाताला पीठ, एक दमून दाराला धरून उभी. या त्याच बायका, बिरुदेवने ओळखलं, पाटल्या आत सारणाऱ्या. सावित्रम्माचं तोंड धुतल्यासारखं उजळलं होतं. ती एका क्षणात दहा वर्षांनी लहान झाली होती आणि ते बघवत नव्हतं. "सांगा की अण्णा," ती म्हणाली. "ह्यास्नी सांगा. मी सांगून काय खरं वाटतंय? तुमी बघून आलाय. कुटं घावलं, कसं घावलं, सगळं सांगा."

बिरुदेवने संगप्पाकडे पाहिलं. संगप्पाही त्याच्याकडेच पाहत होता, बाकीच्यांसारखाच, ऐकायला. खोलीत गोवरीचा आणि औषधाचा वास होता. बायका वाट पाहत होत्या. नाही म्हणायला तोंड उघडावं तर समोर सावित्रम्मा, आणि व्हय म्हणावं तर शेजारी संगप्पा. आणि यातलं खरं काय ते बिरुदेवलाही ठाऊक नव्हतं, भंगारात वितळून गेलं होतं. त्याचं त्यालाच ऐकू आलं की तो सांगतोय. पंख उचलला, खाली खोबण होती, बॅटरी मारली तर चकाकलं, धूळ बसली होती तरी चकाकलं. साहेब म्हणाले, हे कोणाचं. मी म्हटलं, संगाप्पाचं. तो सांगत गेला आणि सांगताना ते त्याला दिसायला लागलं.

"आगं बाई," गंगम्मा म्हणाली. "म्हंजे आतच इसरले व्हय हे. आनि एवढं रामायण झालं त्येच्यापायी. इसरतंय की मानूस, त्यात काय एवढं?"

सगळ्या हसल्या. सावित्रम्माही हसली, डोळे पुसत, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आवं, बोला की कायतरी."

संगप्पाने तिच्याकडे पाहिलं. श्वास जमवला.

"हौदु," तो म्हणाला. "व्हय. इसरलो मी."